मंद कंपनाने वृद्ध पेशी आणि हाडे पुन्हा तरुण होतात का? आईसाठी व्हायब्रेशन प्लेट घ्यावी का?

गोदाकाठ :

नमस्कार. माझी आई ७१ वर्षांची असून आम्ही नाशिकला राहतो. अलीकडेच केलेल्या डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या, तपासणीत तिच्या खुब्याचा टी-स्कोअर (तरुण हाडाच्या तुलनेत घनता किती, हे सांगणारा आकडा) उणे २.८ आला. डॉक्टरांनी ऑस्टिओपोरोसिसचे, म्हणजे हाडे ठिसूळ होण्याच्या विकाराचे, निदान करून औषध, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व सुरू केले आहे. आजवर तिचे हाड कधी मोडलेले नाही. गुडघे दुखतात, पण घरातली सगळी कामे ती स्वतः करते.

दरम्यान एका नातेवाइकांनी तिला व्हायब्रेशन प्लेट घेण्याचा आग्रह धरला आहे. रोज थोडा वेळ त्या कंप पावणाऱ्या फळीवर नुसते उभे राहायचे, बाकी काही करायचे नाही, असे तिचे स्वरूप आहे. विक्रेत्याने दिलेल्या पत्रकात लिहिले आहे की, मंद यांत्रिक उद्दीपनाने म्हाताऱ्या पेशी पुन्हा तरुण होतात हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केले असून ही प्लेट त्याच तत्त्वावर चालते. यंत्राची किंमत आमच्या ऐपतीबाहेरची नाही, पण लहानही नाही.

मी वाणिज्य शाखेची पदवीधर आहे. तरीही मिळेल ते वाचून पाहिले. प्रयोगशाळेत वृद्ध पेशींवर दाब, ताण किंवा ध्वनिलहरींचा प्रयोग केल्यावर त्यांच्यात तारुण्याची लक्षणे दिसली, अशा बातम्या खरोखरच आहेत. माझे विचारणे असे की, या प्रयोगांत नेमके काय घडते? पेशीला स्पर्श किंवा ताण कळतो तरी कसा? आणि काचेच्या बशीतल्या पेशीबद्दल जे खरे आहे, ते माझ्या आईच्या खुब्याबद्दल कितपत खरे मानावे? जाणकारांनी सविस्तर लिहिले तरी चालेल. मी सावकाश वाचेन.


सूक्ष्मदर्शी :

गोदाकाठताई, मी पेशीविज्ञानात काम करतो, त्यामुळे तुमच्या प्रश्नाच्या पहिल्या भागापुरतेच लिहितो. हाडांबद्दल इथले डॉक्टर लिहितीलच.

पत्रकातले पहिले वाक्य निराधार नाही. पेशीला आजूबाजूचा पृष्ठभाग किती ताठ आहे, आपल्यावर किती ओढ किंवा दाब आहे, हे कळते आणि त्यानुसार ती आपले वर्तन बदलते. हे आता पक्के झालेले ज्ञान आहे. २००६ साली ‘सेल’ या नियतकालिकात आलेल्या एका शोधनिबंधात मूळ पेशींना (ज्यांच्यापासून वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी घडू शकतात अशा पेशींना) वेगवेगळ्या ताठरपणाच्या जेलवर वाढवले होते. मेंदूइतक्या मऊ, म्हणजे १ किलोपास्कलच्या (हे ताठरपणाचे माप) आसपासच्या जेलवर त्या चेतापेशींसारख्या होऊ लागल्या, स्नायूइतक्या, म्हणजे ८ ते १७ किलोपास्कलच्या जेलवर स्नायूपेशींसारख्या, आणि २५ ते ४० किलोपास्कलच्या ताठ जेलवर हाडाच्या पेशींसारख्या. पोषक द्रव तिन्ही ठिकाणी सारखाच होता. फरक होता तो फक्त पायाखालच्या जमिनीचा. त्या निबंधाच्या चार लेखकांपैकी शमिक सेन पुढे मुंबईच्या आयआयटीत प्राध्यापक झाले, म्हणजे या विषयाचे काम आपल्याकडेही चालते.

पेशीला हे कळते कसे, याचे एक मोठे उत्तर २०१० साली अमेरिकेतील स्क्रिप्स संस्थेत आर्डेम पॅटापुटियन यांच्या प्रयोगशाळेत मिळाले. त्यांनी एक अशी पेशी निवडली की जिला अतिसूक्ष्म काचनळीने हलकेच टोचले असता विजेचा बारीकसा प्रवाह उमटत असे. मग त्यांनी ७२ संशयित जनुके निवडली आणि त्यांतले एकेक बंद करून प्रत्येक वेळी पेशीला पुन्हा टोचून पाहिले. एक जनुक बंद केल्यावर टोचूनही प्रवाह उमटेनासा झाला. त्या जनुकापासून बनणाऱ्या प्रथिनाला पिएझो-१ हे नाव मिळाले आणि या कामासाठी पॅटापुटियन यांना २०२१ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. पेशीच्या पटलावर ताण पडला की हे प्रथिन दारासारखे उघडते आणि कॅल्शियम आत शिरते. याशिवाय पेशी ज्या जाळ्याला चिकटलेली असते तिथपासून थेट केंद्रकापर्यंत प्रथिनांचे दोर गेलेले असतात. बाहेर ओढ बसली की केंद्रकाचा आकार बदलतो आणि कोणती जनुके वाचली जावीत हेही बदलते. पिएझोचे दार आणि हे दोर ही दोन्ही समांतर चालतात.

आता वार्धक्याकडे येतो. जी. व्ही. शिवशंकर यांचा गट या संदर्भात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ते पूर्वी बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवविज्ञान संशोधन संस्थेत होते, नंतर सिंगापूर आणि झुरिक येथे गेले. त्यांनी संयोजी ऊतीतल्या तंतुपेशी, म्हणजे फायब्रोब्लास्ट, घेतल्या. एरवी या पेशी काचेवर हातपाय पसरून चपट्या आणि लांबट होतात. यांनी काचेवर चिकट प्रथिनाचे छोटे आयताकृती ठसे उमटवले आणि पेशींना त्या ठशाबाहेर पसरता येणार नाही अशी व्यवस्था केली. विभाजन होत गेले तशा पेशी त्या अरुंद जागेत दाटीवाटीने वाढल्या आणि साधारण दहा दिवसांत त्यांचे गोळे तयार झाले. या गोळ्यांतल्या पेशींत मूळ पेशींचे काही गुण उतरले होते, आणि त्यासाठी बाहेरून एकही रसायन किंवा जनुक घातलेले नव्हते. हा निष्कर्ष २०१८ सालचा. २०२० मध्ये त्यांनी हे गोळे कोलॅजन या तंतुमय प्रथिनाच्या जाळ्यात रोवले, तेव्हा त्यांतून पुन्हा तंतुपेशी फुटून बाहेर पसरल्या. या नव्या तंतुपेशींत डीएनएची मोडतोड मूळ पेशींपेक्षा कमी होती, आकुंचनाचे बळ अधिक होते आणि भोवतालचे जाळे विणण्याची क्षमताही वाढलेली होती. वयानुसार तंतुपेशी नेमके हेच गुण गमावतात, म्हणून ‘पुनर्यौवन’ हा शब्द त्यांनी वापरला आणि तो मला योग्य वाटतो.

टेक्सासमधील मायकेल शीट्झ यांच्या गटानेही २०२२ मध्ये असे मांडले की, कमी वारंवारतेच्या अल्ट्रासाउंडने विभाजन थांबवलेल्या वृद्ध पेशी पुन्हा विभाजित होऊ लागतात आणि त्यांच्यातून झिरपणारे दाहकारक स्राव कमी होतात. वृद्ध उंदरांच्या हालचालीतही त्यांना सुधारणा दिसली. शीट्झ हे या क्षेत्रातले ज्येष्ठ नाव आहे, त्यामुळे काम गांभीर्याने घेण्याजोगे आहे. मात्र थांबलेल्या पेशीला पुन्हा विभाजित करणे ही नेहमी चांगलीच गोष्ट असते असे नाही. बऱ्याच पेशी बिघडलेला डीएनए पुढे जाऊ नये म्हणूनच थांबलेल्या असतात. कर्करोगापासून शरीराने उभारलेले ते एक कुंपण आहे. ते ओलांडण्यापूर्वी अनेक वर्षांचे प्राणीप्रयोग व्हायला हवेत.

सर्वांत विचारात पाडणारा प्रयोग मात्र केंब्रिजचा आहे. रॉबिन फ्रँकलिन आणि केव्हिन शालू यांच्या गटाने २०१९ साली ‘नेचर’मध्ये दाखवले की, वयानुसार उंदराच्या जातीच्या प्राण्यांचा मेंदू ताठर होत जातो आणि त्या ताठरपणामुळे मज्जातंतूंवरचे आवरण बनवणाऱ्या पूर्वज पेशी निकामी होतात. वृद्ध पेशी तरुण मेंदूइतक्या मऊ जेलवर ठेवल्या तर त्या पुन्हा तरुणासारख्या वागल्या. पुढची गोष्ट अशी की, या पेशींतले पिएझो-१ बंद केले तर त्या ताठर, वृद्ध परिसरातही त्यांना आपण मऊ जागेत आहोत असेच वाटले आणि त्या कामाला लागल्या. म्हणजे इथे यौवन परत आले ते यांत्रिक संकेत कमी केल्यामुळे. याउलट हाडातल्या पेशींमधले तेच पिएझो-१ उंदरांत काढून टाकले तर हाडे बारीक आणि कमजोर होतात, आणि भार दिला तरी हवी तशी वाढत नाहीत. दार एकच, पण एका ऊतीत ते बंद केल्याने फायदा होतो आणि दुसरीत उघडे ठेवल्याने.

एवढे समजल्यावर ‘मंद यांत्रिक उद्दीपनाने पेशी तरुण होतात’ हे विधान अपुरे आहे हे लक्षात येते. कोणती पेशी, कोणत्या दिशेचा ताण, किती बळ, किती वारंवारता, किती वेळ आणि मध्ये किती विश्रांती, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही. आयताकृती ठशावरची तंतुपेशी आणि फळीवर उभी असलेली ७१ वर्षांची स्त्री यांच्यात ‘यांत्रिक’ या शब्दाखेरीज फारसे काही समान नाही, आणि त्या पत्रकाने नेमके हेच अंतर झाकले आहे.


अस्थिमित्र :

सूक्ष्मदर्शी यांनी फार नेमके लिहिले आहे. मी अस्थिरोगतज्ज्ञ आहे आणि ताईंनी विचारलेला प्रश्न माझ्या ओपीडीत अधूनमधून येतोच, म्हणून त्याचे उत्तर जरा पाठीमागून देतो.

हाड भाराप्रमाणे आपली रचना बदलते, हे जर्मन शल्यविशारद युलिउस वोल्फ यांनी १८९२ मध्येच मांडले. त्याचा उलटा पुरावा अंतराळवीरांकडून मिळतो. वजनरहित अवस्थेत खुब्याच्या हाडाची घनता दर महिन्याला १ ते दीड टक्क्याने घटते, आणि खुब्यात एवढी घट व्हायला पृथ्वीवरच्या वृद्ध व्यक्तीला जवळजवळ वर्ष लागते. हाडातल्या ९० टक्क्यांहून अधिक पेशी म्हणजे ऑस्टिओसाइट. त्या कठीण हाडाच्या आत गाडल्यासारख्या बसलेल्या असतात आणि केसाहून बारीक नलिकांतून एकमेकींना हात लावून असतात. आपण पाऊल टाकले की हाड किंचित वाकते, नलिकांतला द्रव सरकतो आणि त्या प्रवाहाची ओढ या पेशींना जाणवते. मग त्या स्क्लेरोस्टिन नावाचे प्रथिन कमी सोडू लागतात. हे प्रथिन हाडबांधणीला लगाम घालते. ते कमी झाले की बांधणी सुरू होते. आज उपलब्ध असलेले रोमोसोझुमाब हे इंजेक्शन याच प्रथिनाला अडवते. म्हणजे व्यायाम आणि ते महागडे इंजेक्शन, दोन्ही एकाच लगामावर काम करतात.

व्हायब्रेशन प्लेटची कल्पनाही अशाच चांगल्या विज्ञानातून आली, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. क्लिंटन रुबिन आणि सहकाऱ्यांनी प्रौढ मेंढ्यांचे मागचे पाय ३० हर्ट्झने, म्हणजे सेकंदाला ३० वेळा, थरथरणाऱ्या फळीवर, दिवसातून २० मिनिटे आणि आठवड्यातून ५ दिवस, असे वर्षभर ठेवले. थरथर इतकी सौम्य होती की तिचे त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या ०.३ पट होते. वर्षाअखेर मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकातील जाळीदार हाडाची घनता थरथर न दिलेल्या मेंढ्यांपेक्षा सुमारे ३४ टक्क्यांनी अधिक निघाली. २००१ साली ‘नेचर’मध्ये हे प्रसिद्ध झाले तेव्हा आम्हा सर्वांनाच आशा वाटली होती, कारण ज्यांना वजन उचलता येत नाही अशा वृद्धांसाठी याहून सोपा उपाय कोणता असणार?

त्यानंतर माणसांवर काटेकोर चाचण्या झाल्या. कॅनडातील चाचणीत रजोनिवृत्तीनंतरच्या २०२ स्त्रिया होत्या. त्यांतल्या दोन गटांनी ९० किंवा ३० हर्ट्झच्या, ०.३ पट त्वरणाच्या फळीवर रोज २० मिनिटे, असे १२ महिने उभे राहायचे होते. तिसऱ्या गटाला फळी नव्हती. २०११ मध्ये निष्कर्ष आला तो असा की, हाडांच्या घनतेत किंवा रचनेत काहीही फरक पडला नाही. बॉस्टन परिसरातली चाचणी तर ताईंच्या प्रश्नाला अगदी लागू पडणारी आहे. त्यात सरासरी ८२ वर्षे वयाचे १७४ वृद्ध होते. त्यांना रोज १० मिनिटे, २ वर्षे, ३७ हर्ट्झची खरी किंवा हुबेहूब दिसणारी खोटी फळी दिली, आणि कॅल्शियम व ड जीवनसत्त्व दोन्ही गटांना मिळाले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष पुन्हा तोच होता : खुबा किंवा मणका, कुठल्याच हाडाला फायदा नाही.

मेंढीत जे घडले ते वृद्ध माणसात का घडले नाही? मेंढ्या चार पायांवर उभ्या होत्या. माणूस जरा गुडघे वाकवून उभा राहिला तरी थरथर वर पोहोचेपर्यंत विरते. दुसरे असे की, वयानुसार ऑस्टिओसाइट मरतात, नलिकांचे जाळे विरळ होते, आणि सौम्य संकेत ऐकायला तिथे पुरेशा पेशीच उरत नाहीत. माझ्या मते हे दुसरे कारण अधिक गंभीर आहे. वृद्ध ऊतीला सौम्य संकेत पुरेल ही समजूतच इथे उलटी पडते; कानाने कमी ऐकू येणाऱ्याशी जसे मोठ्याने बोलावे लागते, तसा वृद्ध हाडाला संकेतही मोठा लागतो.

संकेत कोणता आणि किती, याचे अस्थिशास्त्रातले सर्वांत सुंदर उदाहरण सोव्हिएत अस्थिशल्यविशारद इलिझारोव्ह यांचे आहे. सायबेरियातल्या कुर्गान या गावी त्यांनी शोधून काढले की, छेद दिलेल्या हाडाची दोन टोके दिवसाला १ मिलिमीटर या वेगाने एकमेकांपासून दूर नेली तर मधल्या फटीत नवे हाड तयार होते. रुग्णाला हाताभोवती किंवा पायाभोवती बसवलेल्या धातूच्या रिंगच्या नटाला किल्ली लावून दिवसातून चार वेळा पाव-पाव मिलिमीटर फिरवायला शिकवतात. वेग फार कमी ठेवला तर हाड वेळेआधीच जुळून बसते आणि लांबी वाढत नाही. वेग वाढवला तर हाडाऐवजी तंतुमय ऊती तयार होते. ही रिंग लावलेले रुग्ण महाराष्ट्रातल्या कित्येक अस्थिरोग विभागांत तुम्हाला दिसतील. यांत्रिक उद्दीपनाने प्रौढ माणसाच्या शरीरात नवी ऊती खरोखर निर्माण होते, याचा याहून ठसठशीत पुरावा माझ्या माहितीत नाही, आणि तिथेही सगळे यश मात्रेत आहे.

ताई, आईंच्या हाडांची घनता वाढावी या हेतूने ती प्लेट घेऊ नका. औषध चालू ठेवा, डेक्सा तपासणी डॉक्टर सांगतील तेव्हा शक्यतो त्याच यंत्रावर पुन्हा करा, आणि भार देणाऱ्या व्यायामाबद्दल खाली फिजिओथेरपीतल्या मंडळींनी लिहावे अशी विनंती.


ब्रिस्बेनकर :

अस्थिमित्र यांच्या निष्कर्षाशी सहमत आहे. फक्त दोन गोष्टी जोडतो.

पहिली गोष्ट प्लेटच्या बाजूची आहे. हाँगकाँगमध्ये ६० वर्षांवरील ७१० स्त्रियांवर १८ महिन्यांची एक चाचणी झाली आणि ती २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. ३५ हर्ट्झ आणि ०.३ पट त्वरणाच्या फळीवर दिवसाला २० मिनिटे, आठवड्यातून ५ दिवस उभ्या राहिलेल्या गटात पडण्याचे किंवा हाड मोडण्याचे प्रमाण १८.६ टक्के होते, तर नुसत्या देखरेखीखालच्या गटात २८.७ टक्के. पायांची ताकद आणि तोलही सुधारला. हाडांची घनता मात्र इथेही वाढली नाही. खुबा मोडतो तो बहुधा पडल्यामुळे, त्यामुळे हा फायदा किरकोळ म्हणता येणार नाही. पण त्या चाचणीत खोटी फळी नव्हती, आणि आठवड्यातून पाच वेळा केंद्रावर जाण्याने घडणाऱ्या हालचालीचा वाटा त्यात किती, हे वेगळे काढता येत नाही. जिला व्यायाम अजिबात शक्य नाही अशा व्यक्तीसाठी मी प्लेट पूर्णपणे बाद करणार नाही. ताईंच्या आई मात्र घरातली सगळी कामे करतात, म्हणजे त्या या गटात बसत नाहीत.

दुसरी गोष्ट मी राहतो त्या क्वीन्सलँडमधली. इथल्या ग्रिफिथ विद्यापीठाच्या संशोधकांनी कमी घनतेच्या हाडांच्या, रजोनिवृत्तीनंतरच्या १०१ स्त्रिया घेतल्या. एका गटाला आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, देखरेखीखाली वजने उचलायला लावली. वजन साधे नव्हते : एकदाच उचलता येईल अशा कमाल वजनाच्या ८५ टक्क्यांहून अधिक. त्याला बार धरून खाली ठाम उतरण्याच्या उड्यांची जोड होती. दुसऱ्या गटाने घरच्या घरी हलका व्यायाम केला. ८ महिन्यांनंतर पहिल्या गटाच्या कमरेच्या मणक्यांची घनता सरासरी २.९ टक्क्यांनी वाढली होती आणि दुसऱ्या गटाची १.२ टक्क्यांनी घटली होती. २०१८ च्या आधी अशा स्त्रियांना एवढे वजन उचलू देण्याची बहुतेक डॉक्टरांची हिंमत नव्हती. हे यूट्यूबवर पाहून घरी करण्यासारखे मुळीच नाही, पण वृद्ध हाडाला मोठा संकेत लागतो या वरच्या म्हणण्याला ते पुष्टी देते.


गोदाकाठ :

सर्वांचे मनापासून आभार. प्लेटचा विचार आम्ही सोडून दिला आहे. आईनेही हे सगळे वाचले आणि तिचे दोन प्रश्न आहेत. गुडघ्यासाठी ती फिजिओथेरपी केंद्रात जाते तिथे अल्ट्रासाउंडचा शेक देतात. वर उल्लेख आलेला पेशी तरुण करणारा अल्ट्रासाउंड तो हाच का? आणि लहानपणापासून तिला तेल लावून पाय चोळून घेण्याची सवय आहे, त्याचा पेशींवर खरोखर काही परिणाम होतो का, असे ती विचारते.


पाऊलवाट :

गोदाकाठताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे. आईंचे दोन्ही प्रश्न चांगले आहेत.

केंद्रात देतात तो अल्ट्रासाउंड साधारण १ किंवा ३ मेगाहर्ट्झचा असतो. पेशींवरच्या त्या प्रयोगांतली वारंवारता याच्या कित्येक पट कमी, काही दहा किलोहर्ट्झच्या पातळीवरची होती. त्यामुळे दोन्हींचे नाव एक असले तरी ऊतीत पोहोचणारी लहर वेगळी आहे, आणि केंद्रातला शेक घेतल्याने पेशी तरुण होतात असे म्हणायला आधार नाही. हाडांसाठी म्हणून एक अतिसौम्य स्पंदित अल्ट्रासाउंडही आहे. मोडलेले हाड लवकर जुळावे यासाठी तो १९९० च्या दशकापासून वापरात होता. २०१६ मध्ये नडगीचे हाड मोडून शस्त्रक्रिया झालेल्या ५०१ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली, तीत खऱ्या आणि खोट्या यंत्राच्या गटांत काहीच फरक आढळला नाही, आणि पुढच्याच वर्षी तज्ज्ञांनी तो वापरू नये अशी शिफारस केली.

तेल लावून चोळण्याबद्दल कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाचा २०१२ सालचा एक छोटा पण देखणा प्रयोग आहे. ११ तरुणांना दमछाक होईपर्यंत सायकल चालवायला लावली आणि नंतर प्रत्येकाच्या एकाच मांडीला १० मिनिटे मसाज केला. मग दोन्ही मांड्यांतून स्नायूचा बारीक तुकडा काढून तपासला. चोळलेल्या मांडीत दाहाचे संकेत कमी होते आणि नव्या मायटोकॉन्ड्रिया (पेशीतली ऊर्जा तयार करणारी केंद्रे) घडवण्याचा संकेत वाढलेला होता. मसाजमुळे स्नायूतले लॅक्टिक आम्ल निघून जाते असे आमच्याच व्यवसायात वर्षानुवर्षे सांगितले जाते. त्याला मात्र या प्रयोगात आधार मिळाला नाही. हे सर्व तरुण स्नायूबद्दलचे आणि थोड्या वेळाचे आहे, त्यामुळे त्यावरून म्हातारपण मागे जाते असे मी म्हणणार नाही. आईंना बरे वाटते, झोप लागते, तर जरूर चोळून घ्यावे. मणक्यावर जोराचा दाब तेवढा देऊ नये, आणि तेलकट तळव्यांनी लगेच फरशीवर चालू नये. पाय घसरून पडलेल्या आजी मी पुष्कळ पाहते.

स्नायू तरुण होतो का, या प्रश्नाचे सर्वांत थेट उत्तर २००७ सालच्या एका अभ्यासात आहे. त्यात निरोगी वृद्धांकडून सहा महिने, आठवड्यातून दोनदा, वजनाचे व्यायाम करून घेतले. सुरुवातीला त्यांची ताकद तरुणांपेक्षा ५९ टक्क्यांनी कमी होती, शेवटी ३८ टक्क्यांनी. त्याहून महत्त्वाचे असे की, वयानुसार ज्या जनुकांचे काम बदललेले होते त्यांतील बऱ्याच जनुकांचे काम तरुणांच्या पातळीच्या दिशेने परत सरकले. त्याच्याही आधी, १९९० मध्ये, बॉस्टनच्या एका शुश्रूषागृहातल्या नव्वदीच्या १० जणांनी ८ आठवडे असे व्यायाम केले तेव्हा त्यांच्या मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली होती. तुम्ही पत्रकात वाचलेले आश्वासन जिवंत वृद्ध माणसात सर्वांत जवळून पूर्ण झालेले मला दिसते ते इथे.

आता आईंपुरते. आधी डॉक्टरांना विचारून पाठीच्या मणक्यांचा एक्स-रे काढून घ्या. ऑस्टिओपोरोसिसमध्ये मणका न दुखताही दबलेला असू शकतो, आणि तसे असेल तर सगळा कार्यक्रम बदलतो. मणके ठीक असतील तर फिजिओथेरपिस्टच्या नजरेखाली सुरुवात करा. खुर्चीवरून हात न टेकता उठणे आणि अगदी सावकाश बसणे, ओट्याला धरून टाचा उचलणे आणि खाली टेकवणे, उभे राहून एक पाय बाजूला नेणे, रबरी पट्ट्याने पाठीचे व्यायाम, एवढ्यापासून सुरुवात होते. गुडघा दुखत असेल तर खुर्चीवर उशी ठेवून बैठक उंच करायची आणि आठवड्यागणिक उशी पातळ करत जायची. शेवटच्या एकदोन उठबशा कष्टाच्या वाटल्या पाहिजेत. त्या सहज होऊ लागल्या की हातात वजन द्यायचे, नाहीतर हाडाला आणि स्नायूला काहीच नवा संकेत मिळत नाही. कंबरेतून वाकून बादली उचलणे, वाकलेल्या स्थितीत वळणे, पोटाच्या व्यायामासाठी झोपलेल्या स्थितीतून उठून पायाचे अंगठे धरणे, या गोष्टी मात्र टाळायच्या, कारण त्यांत मणक्याच्या पुढच्या कडेवर भार एकवटतो.

तुमच्या नातेवाइकांनी तरीही प्लेट आणलीच, तर तिच्या माहितीपत्रकात त्वरणाचा आकडा शोधा. वर उल्लेख आलेल्या चाचण्यांतल्या फळ्या ०.३ पट त्वरणाच्या होत्या. बाजारातल्या बऱ्याच प्लेट याच्या कितीतरी पट जोराने हादरतात आणि काहींची कंपने मानवी शरीरासाठी ठरवलेल्या आंतरराष्ट्रीय मर्यादेपलीकडे जातात. आकडा दिलेलाच नसेल, तर ठिसूळ मणक्याच्या माणसाने तिच्यावर उभे राहू नये.